सातव्या होलवरचे दोन बॉल : नव्या रायपूरमधली एक सकाळ

मंदाताईचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, लग्न झाल्यापासून रायपूरची. एरवी तिचा फोन म्हणजे अर्धा तास कोणाचं काय चाललंय याचा पाढा. त्या दिवशी एकदम मुद्द्यावर आली. "सुषे, यांच्या डोळ्यांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणे, डावा गेलाच, उजव्याचा स्कॅन पुढच्या आठवड्यात. तू ये. एकदा त्या गोल्फवर घेऊन जा त्यांना. मंग ती क्लबांची बॅग कोणाले तरी देऊन टाकू. दारामागं पाहून पाहून मलेच रडू येते."

तर हा रायपूरचा प्रवास असा ठरला. तुम्ही छत्तीसगड पाहायला निघाला असाल तर धबधबे आणि जंगलं इथे सापडणार नाहीत, आधीच सांगते. नऊ होलचा एक छोटासा कोर्स, पोहे-जिलबी आणि माझे भाऊजी, एवढंच आहे.

भाऊजी वीज मंडळातून रिटायर झालेले इंजिनिअर. त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इथलंच झालं, त्यामुळे त्यांचं मराठी आपल्या नागपुरीच्या थेट घरातलं, मध्येच हिंदी आणि होकाराला "हव". अकरा वर्षांपूर्वी मी नुसती सोबत म्हणून गेले होते, तेव्हा त्यांनीच माझ्या हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, दिला. "लग्नात बायका लाटणं धरतात तसं नाही धरायचं, सुषमा," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी अजूनही तसंच धरते म्हणे.

नागपूरहून रायपूर रेल्वेने पाचेक तासांचं आहे. गाडीने जाणार असाल तर भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असा सरळ हायवे, पण देवरीच्या पुढे ट्रकांच्या मागे फार जीव जातो. मी सकाळची रेल्वे घेतली. डाव्या खिडकी-उजव्या खिडकीच्या भानगडीत पडू नका, डोंगरगडचा डोंगर आला की सगळा डबा आपोआप एका बाजूला होतो आणि तुम्हाला कळतं. क्लब फक्त चार नेले होते, एका जुन्या चादरीत गुंडाळून. समोरच्या आजोबांनी विचारलं, "बंदूक आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, काठ्या." ते जास्तच सावरून बसले.

ताईचं घर पुरानी बस्तीत. रिक्षा देवळापाशी सोडते, पुढे गल्लीत पायीच. दार उघडलं भाऊजींनी, आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघून हसले. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं थोडं दिसतं, म्हणून ते असे बाजूला बघतात, हे ताईने स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. रात्री जेवायला तिने फरा केला होता, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, वरून तीळ-मिरचीची फोडणी. सहा खाल्ल्या. सातवी ताटात कशी आली ते मला माहीत नाही.

जेवताना भाऊजींनीच विषय काढला. "तीस वर्षं खेळून राहिलो. होल-इन-वन नाही झाला एकदा बी." ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिल्याच फटक्यात बॉल थेट भोकात गेला तर तो होल-इन-वन. कित्येकांच्या आयुष्यात येत नाही. क्लबात त्याची लाकडी पाटी असते, पांढऱ्या रंगात नाव लिहितात. "ती पाटी मी इतक्या वेळा वाचली," ते म्हणाले, "की आता न पाहता म्हणून दाखवतो." आणि दाखवली, सगळी नावं, ओळीने. ताई उठून पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. तेलीबांध्याला तळ्याच्या बाजूला टपरीवर पोहे-जिलबी खाल्ली. पोहे इथे पिवळेधम्मक आणि बारीक शेवेखाली गाडलेले मिळतात, नागपूरच्या माणसाने वरून तर्रीचा रस्सा मागू नये. तिथून टॅक्सीने अर्धा-पाऊण तास. नव्या राजधानीचे रस्ते पाहून हसू येतं हो, इतके रुंद आणि इतके रिकामे! तीन-तीन पदरी दोन्ही बाजूंना, मधोमध झाडं छाटून ठेवलेली, आणि अख्ख्या रस्त्यावर आम्ही आणि एक गाय. भाऊजी काच खाली करून बसले होते. "सेक्टर आला का?" ते विचारत, मी पाटी वाचून सांगत असे. परतीसाठी गाडी आधीच ठरवून ठेवा, तिकडे चालती रिक्षा मिळत नाही.

कोर्स एका वसाहतीच्या आवारात आहे. नऊ होल, सगळे छोटे, सगळ्यात लांब असेल तो दीडशे पावलांचा. बाहेरच्यांना आठवड्याच्या दिवशी खेळू देतात, आदल्या दिवशी फोन करावा लागतो. माणशी चारशे रुपये घेतले. तीन क्लब आणि भोकाजवळ बॉल ढकलायला एक पटर पुरे, मोठी बॅग नेऊन खांदा दुखवून घेऊ नका. बूट मात्र पाणी न शिरणारे हवेत, डिसेंबरात गवतावर इतकं दव असतं की पहिल्या होलला माझे मोजे ओले झाले.

मी भाऊजींसाठी नवे बॉल नेले होते. डबा तिथेच फोडला, तीन त्यांच्या खिशात, तीन माझ्या. ते हातात बॉल घोळवत म्हणाले, "मस्त." आणि आम्ही खेळायला लागलो.

पद्धत अशी बसली. मी टीवर, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेवर, बॉल ठेवायची, त्यांच्या क्लबचं डोकं बॉलमागे टेकवून द्यायची, एक क्लब जमिनीवर आडवा ठेवून दिशा दाखवायची. ते पायाने तो क्लब चाचपायचे, दोनदा श्वास घ्यायचे आणि मारायचे. बाप्पा, काय मारायचे! तीस वर्षांची सवय अंगातच होती. मारून झालं की माझ्याकडे कान करून उभे राहायचे, बॉल ग्रीनपासून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतापासून, किती लांब पडला ते ऐकायला.

"उजवीकडे, ग्रीनच्या दहा पावलं आधी."

"हं. वाळू?"

"वाळू नाही, गवत."

"बरं."

तिसऱ्या होलला त्यांचा बॉल झाडावर आपटून मागे आला. मी जरा गुळमुळीत बोलले, "ठीक आहे भाऊजी, तसा..." ते म्हणाले, "तसा काय? आवाज आला ना मले. झाडावर गेला म्हण." मी जीभ चावली. मग मात्र जसं दिसेल तसं सांगत गेले आणि त्यांचा खेळ सुधारत गेला. चौथा होल त्यांनी तीन फटक्यांत संपवला, मी सहामध्ये. इतकी मजा मला कित्येक महिन्यांत आली नव्हती. वारा नव्हता, लांब कुठेतरी पाण्याचे फवारे चक्-चक् करत होते, आणि आम्ही दोघं सावकाश चालत होतो, माझा हात त्यांच्या कोपरात.

सातवा होल छोटा, नव्वद पावलांचा. मध्ये पाणी, पलीकडे उंचवट्यावर ग्रीन. खालून फक्त झेंडा दिसतो, भोक दिसत नाही. आणि समोरून ऊन, थेट डोळ्यात.

भाऊजींनी मारला. बॉल वर चढला, सुरेख, आणि उन्हात नाहीसा झाला. "पाण्यावरून गेला," मी म्हटलं, "पुढचं दिसलं नाही." मग मी मारला. माझाही तसाच गेला, तोही दिसला नाही.

ग्रीनवर चढलो तेव्हा एक बॉल भोकापासून दोन वितींवर होता. दुसरा कुठेच नाही. मी सहज भोकात डोकावले.

भोकात बॉल होता!

मी दोन्ही बॉल पाहिले. एकच कंपनी, वर छापलेला तीन हा नंबरही एकच, खूण कशावरच नाही. गोल्फ खेळणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकतो: खेळायच्या आधी आपल्या बॉलवर पेनाने खूण करायची. भाऊजी जन्मभर लाल टिंब काढत आले. आता त्यांना टिंब दिसत नाही, आणि काढून द्यायचं ते मी विसरले. एका डब्यातले बॉल दोघांच्या खिशात कोरेच घातले. कप्पाळ माझं!

ग्रीनच्या कडेला एक बाई उकिडवी बसून तण उपटत होती. मी धावत तिच्याकडे गेले. "दीदी, आपने देखा? पहला वाला गया कि दूसरा?"

ती हात झटकत उठली. "मैं तो घास निकालत रहेंव दीदी. टन्न ले आवाज आइस, बस."

"पहले फटके के बाद? कि बाद में?"

"ओतका धियान नइ देंव." तेवढं तिचं लक्षच नव्हतं.

भाऊजी झेंड्याजवळ उभे होते. "काय झालं, सुषमा? काहून धावून राहिली?"

खरं सांगते, त्या बॉलमध्ये माझाही जीव अडकला होता. अकरा वर्षांत मलाही कधी झाला नव्हता. तो माझा असण्याची तितकीच शक्यता होती. पण समोर ते उभे होते, माझ्या कानाकडे बघत. ती पाठ केलेली नावं माझ्या डोक्यात वाजत होती. मी म्हटलं, "भाऊजी! तुमचा भोकात गेला! पहिल्या फटक्यात!"

वाकले, हात भोकात घातला, बॉल काढला, अंगठ्याने फिरवून पाहिला. चेहरा असा उजळला की मला रडू यायला लागलं. मग तो उजेड हळूहळू मावळला.

"दुसरा कुठी आहे?"

"इथेच, दोन वितींवर."

"कोणता कोणाचा, तुले कसं समजलं?"

"मी पाहिलं ना."

"सुषमा," ते अगदी शांतपणे म्हणाले, "मारताना ऊन माह्या तोंडावर लागून राहिलं होतं. मले गरम लागत होतं. तूच म्हणाली, दिसलं नाही. मंग आता कसं दिसलं?"

मी खाली त्या दुसऱ्या बॉलकडे पाहिलं.

"खूण केली होती का बॉलवर?"

"नाही," मी म्हटलं. "विसरले."

"मंग नियम माहीत आहे ना तुले."

माहीत होता. बॉल आपलाच आहे हे सांगता आलं नाही तर तो हरवला असं धरायचं. दोघांचेही हरवले. मागे जायचं, एका फटक्याचा दंड, आणि तिसरा फटका टीवरून. मला इतका राग आला! "भाऊजी, इथे कोण बघून राहिलंय? ना स्पर्धा, ना बक्षीस. ती बाई तण उपटून राहिली आहे. घ्या ना तो होल-इन-वन. हक्काचा आहे तुमचा!"

"मी बी नाही बघून राहिलो," ते म्हणाले. "म्हणूनच." बॉल त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ बंद केली. "आता पुढं मले तेच दिसणार, जे तू सांगशील, मंदा सांगेल. समोर गाडी आहे, पायरी आहे, पोळी जळली, कोणी रडून राहिलं. सगळं. आज माह्या भल्यासाठी खोटं सांगितलं तर उद्या रस्ता ओलांडताना मी कोणावर भरोसा ठेवू?"

मी रडले. हो, भर ग्रीनवर, त्या बाईसमोर. भाऊजींनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग कोपर पुढे केलं. "चल. ऊन वाढून राहिलं."

परत पाणी ओलांडून टीपर्यंत गेलो. मी पर्समधून पेन काढलं, त्यांच्या बॉलवर लाल नाही, निळं टिंब काढलं, माझ्या बॉलवर रेघ. तिसरा फटका त्यांनी मारला. "डावीकडे," मी म्हटलं, "ग्रीनच्या बाहेर. वाळूत." ते हसले. "हव." सातवा होल त्यांनी सहामध्ये संपवला, मी सातमध्ये. शेवटचे दोन होल आम्ही नेहमीसारखे खेळलो, आणि नवव्यावर झेंडा भोकात परत ठेवायचं काम त्यांनी स्वतः केलं. भोक शोधायला जरा वेळ लागला. मी मदत केली नाही, त्यांनी मागितली नव्हती.

घरी ताईने विचारलं, कसं झालं? भाऊजी म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास. पोट्टीनं रडून ग्रीन ओलं केलं." बाकी काही सांगितलं नाही. संध्याकाळी वारा सिलतऱ्याकडून आला म्हणून ताई गच्चीवरचे कपडे घाईने काढत होती, कारखान्यांची काळी धूळ बसते म्हणे. भाऊजींनी कठड्याशी उभं राहून एकेक घडी केली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या रेल्वेने मी नागपूरला परतले.

आल्यापासून मी तोच हिशोब मनात घोळवत होते. दोघांपैकी एकाचा तो नक्की होता. कोणाचा, ते आता कधीच कळणार नाही, आणि पाटीवर दोघांचंही नाव नाही. पहिले दोन दिवस याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटायला लागलं, की मी किती पटकन, किती सहज बोलून गेले होते, आणि मला ते प्रेमच वाटलं होतं.

आठवड्याभराने स्कॅनचा रिपोर्ट आला. ताईने मला फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला. "सगळं इंग्रजीत आहे, मले थोडं समजलं तेवढ्यानंच हातपाय गळाले. मले नाही होत. तू वाच त्यांना. पण सुषे, जरा सांभाळून सांग. सगळं नको सांगू."

भाऊजी फोनवर आले. "हं, वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं, अवघड शब्दांचं मराठी करत. डावा परत येणार नाही. उजव्याचाही मधला भाग जाणार, उपचाराने थोडा उशिरा जाईल, थांबणार नाही. कडेचं दिसणं राहील. जी ओळ ताईने नक्की गाळली असती, तीही वाचली.

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," ते म्हणाले. "मंदाले देतो फोन."

मी वाट पाहत होते, ते विचारतील, सगळं वाचलंस ना? त्यांनी विचारलं नाही.