अर्ध्या तासात भोर ते मार्गासनी

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. वेल्हे पोलीस ठाण्याचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. मार्गासनीचा रस्ता नुकताच रुंद आणि गुळगुळीत झाला होता. खड्डे होते तोवर गाड्या आपोआप हळू जात. आता दर रविवारी तोरण्याकडे निघालेल्या गाड्या गोळीसारख्या सुटत.

अशाच एका रविवारी सकाळी ठाण्यात फोन आला. एसटीची कंडक्टर बाई धापा टाकत बोलत होती. "साहेब, मार्गासनीच्या अलीकडं मेंढक्याला उडवलंय. पांढरी जीप व्हती. थांबली बी न्हाई!" अंमलदाराने स्टेशन डायरीत वेळ लिहिली : सव्वानऊ.

मी पोहोचलो तेव्हा साठीचा एक मेंढपाळ रस्त्याकडेला पडलेला होता. पाय मोडला होता. दोन मेंढ्या जागीच गेल्या होत्या. स्ट्रेचरवर घेतानाही तो बाकीच्या मेंढरांना हाका मारत होता. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. याचा अर्थ जीपवाल्याने वेग कमी केलाच नव्हता. पंचनामा केला, अज्ञात चालकावर गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी भोरहून एका गॅरेजवाल्याचा फोन आला. "माझं नाव येऊ देऊ नका साहेब. एका पांढऱ्या जीपचा म्होरला बंपर बदललाय. गडी लई घाईत व्हता. नंबर घ्या लिहून."

जीपवाला तिशीचा होता. पर्यटकांना तोरण्याच्या पायथ्याशी नेण्या-आणण्याचा त्याचा धंदा. चौकशीला बोलावलं तर बिनधास्त आला. बंपर गेटच्या खांबाला लागून फुटला म्हणाला. आणि वर, "पावणेनऊला मी भोरात डिझेल भरत व्हतो. पंपाच्या कॅमेऱ्यात बगा."

पाहिलं. खरंच होता. पावणेनऊला भोर आणि सव्वानऊला मार्गासनी! नसरापूरमार्गे तास तरी लागतोच, असं आमच्या पोलीस जीपचा चालकही म्हणाला. जीप धुऊन लख्ख केलेली होती. माझे हवालदार कुजबुजले, "सोडून द्यावं साहेब, ह्यो न्हाई."

पण हा माणूस बोलताना सारखा आपल्या जीपबद्दल बोले. इंजिन कसं, पिकअप कसा. माणूस कशाचा अभिमान बाळगतो हे कळलं की अर्धी चौकशी झालेली असते. मी फाईल बंद केली आणि त्याच्यासमोर चहा ठेवला.

"जा तू. तुझ्या त्या जुन्या गाडीत एवढा दम नाही. अर्ध्या तासात मार्गासनी गाठणारा कुणीतरी पक्का ड्रायव्हर असणार."

त्याने कप खाली ठेवला. "दम न्हाई? अख्ख्या भोरात इचारा साहेब! अठ्ठावीस मिनटात मार्गासनी गाठलीय म्या. एकदा न्हाई, लई येळा!" त्याने खिशातून मोबाईल काढला. "ह्ये बगा, मागल्या महिन्यातलं."

शेजारी बसलेल्या प्रवाशाने काढलेला व्हिडिओ होता. काटा शंभराच्या पुढे थरथरत होता आणि मार्गासनीची घरं मागे पळत होती. मी आवाज चढवला नाही.

"म्हणजे पावणेनऊला भोरात असलेला माणूस सव्वानऊला तिथं पोचू शकतो तर."

मोबाईल त्याच्या हातात तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू उतरायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "वेल्ह्यात गिऱ्हाइकांची पार्टी थांबली व्हती साहेब..."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. मी मोबाईल जप्त केला आणि पंचांसमोर जीपचा पुढचा भाग पूर्ण खोलायला लावला. मेकॅनिकने जाळी काढली. रेडिएटरच्या कडेला, स्क्रूत अडकलेला लोकरीचा पुंजका! हवालदार लहान पोरासारखे ओरडले, "सापडलं साहेब, सापडलं!" ओरडलो मीही असतो, पण अधिकारी होतो ना.

मोठ्या उत्साहात मी मेंढपाळाच्या वाडीवर गेलो. प्लास्टरमधला पाय बाजेवर ठेवून तो बसला होता. मी म्हटलं, "बाबा, तो सापडला."

"ब्येस झालं," तो म्हणाला. "पर साहेब, उद्याच्याला दुसरा यील. रस्ता समद्यांचा झाला, आमी वलांडायचा कसा?"

माझा सगळा उत्साह तिथंच थबकला. त्याच आठवड्यात मी त्याचा प्रश्न जसाच्या तसा बांधकाम खात्याला लिहिला आणि पाठपुरावा सोडला नाही. अपघाताच्या जागेच्या दोन्ही बाजूंना गाडीला हळू करायला लावणारे खडखड पट्टे आले, वेगमर्यादेचा फलक आला, रविवारी स्पीडगन घेऊन आमचा माणूस उभा राहू लागला. पहिली पावती आमच्याच खात्याच्या गाडीची फाडावी लागली. मी ती फाडली.

माझ्या नोकरीत मी आरोपी पकडला की फाईल बांधून मोकळा होत असे. या केसने शिकवलं की माणूस सापडतो, वेग मात्र रस्त्यावरच राहतो. तो आवरला नाही, तर पुढची फिर्याद ठरलेली.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी त्या पट्ट्यांपाशी उभा होतो. मेंढपाळ काठी टेकत आला. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या आणि कळप सावकाश पलीकडे गेला. मी सहज विचारलं, "मेंढरं सगळी आली का बाबा?"

"पैलं वलांडल्यावर दर येळी मोजायचो," तो चालता चालता म्हणाला. "आता न्हाई मोजत."