चिडियाघरात विहीणबाईंबरोबर

माझ्या सुनेची आई पुण्याची. बाई मनाच्या चांगल्या आहेत असं सगळे सांगतात. मला त्या पहिल्या भेटीपासून आवडल्या नाहीत आणि अजूनही आवडत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे, म्हणजे आमच्या घरी इंदूरला राहायला आल्या. एका रविवारी मुलगा आणि सून कुणाच्या लग्नाला गेले, नातवंडं आम्हा दोघी आज्यांवर सोपवून. नात सात वर्षांची, नातू चारचा. सकाळपासून दोघांचा एकच धोशा, चिडियाघर. मी एकटी घेऊन गेले असते, पण विहीणबाई माझ्या आधी चपला घालून दारात उभ्या.

"प्राणिसंग्रहालय म्हणायचं, बाळा," रिक्षात बसता बसता त्यांनी नातवाला सांगितलं. तिथून सुरू झालं.

माझे आजोबा इथल्या कापड गिरणीत कारकून म्हणून आले. आमच्या मराठीत हिंदी शिरली ती तेव्हापासूनची. आता ती निवडून बाजूला काढता येत नाही, आणि आम्हाला कधी तशी गरजही वाटली नाही.

वाघ सावलीत पाय ताणून पडला होता. नातू जाळीला चिकटून ओरडला, "आजी, शेर सोऊन राहिला!"

"वाघ. आणि झोपलाय," विहीणबाई म्हणाल्या.

मोर दिसला. नात म्हणाली, "आजी, त्याचे पंख किती भारी खुलले!"

"पिसारा. पिसारा फुलवलाय, म्हण बघू."

तिने म्हटलं. मग बंदराचं माकड झालं, भालूचं अस्वल. दर वेळी विहीणबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी मुलांना शिव्या शिकवल्या आहेत. शेवटी म्हणाल्याच, "तुम्ही तर शिक्षिका होतात ना?"

"गणिताची," मी म्हटलं. त्यापुढे बोलले असते तर तिथेच भांडण झालं असतं.

मत्स्यालयात शिरेपर्यंत नात गप्प झाली होती. घरी हिची बडबड कुणाला आवरत नाही. एका टाकीत मोठा जाडा मासा काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करत होता. तिला काहीतरी सांगायचं होतं. ती वळली, पुण्याच्या आजीकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात बाजूची तीन पोरं मासा हलावा म्हणून काच बडवायला लागली. विहीणबाई पुढे झाल्या. "अहो, काच वाजवू नका. मासे घाबरतात." पोरं हसली. एकाने त्यांची नक्कल केली, "वाजवू नका, वाजवू नका," आणि आणखी जोरात थाप मारली.

मी मधे घुसले. "ऐ भिया! तेरे घर का दरवाजा है क्या? हाथ नीचे कर, नहीं तो अभी गार्ड को बुलाती हूँ!"

पोरं निमूट सटकली. विहीणबाईंनी आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती. पण त्या नातीकडे वाकून म्हणाल्या, "ऐकलंस ना? असं आपण कधी बोलायचं नाही."

"विहीणबाई, पुरे," मी म्हटलं. आवाज चढला होता, लोक बघत होते. "सकाळपासून पोरीचं तोंड बंद करून ठेवलंत तुम्ही."

"बंद नाही, सरळ करतेय. तुमच्याकडून ते झालं नाही म्हणून."

"मग तुमच्या लेकीला पुण्यातच ठेवायची होती!"

हे सुनेच्या कानावर जाणार, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. त्याही हटल्या नाहीत.

नातीने भावाचा हात धरला. "चल, अपन उधर चलते हैं। इन दोनों को लड़ने दे।" दोघं पलीकडच्या टाकीपाशी गेले आणि तिथे नाक लावून मोठमोठ्याने बोलू लागले, सगळं हिंदीत. मी जवळ जाऊन विचारलं, "काय बघताय?" ती वळलीही नाही. "कुछ नहीं।"

परतताना रिक्षात आम्ही दोघी दोन टोकांना, मुलं मधे. विहीणबाई ठरल्या दिवसाआधीच पुण्याला गेल्या. सून आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

नात अजून माझ्याशी हिंदीतच बोलते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि विहीणबाईंचा फोन आला की त्यांच्याशीही तसंच. त्यांचा फोन असला की मी उठून स्वयंपाकघरात जाते.