कंपायलर बसतोय

उजव्या हाताची तर्जनी माऊसच्या वर दोन इंचांवर हवेत धरायची, मान मागे न्यायची, चष्म्याच्या खालच्या भिंगातून पडद्यावरची ओळन् ओळ वाचायची आणि मग शेजारच्या माणसाला विचारायचं, "वाचलंत? मग दाबू?" शेजारचा माणूस बहुतेक वेळा मीच असायचो आणि मी काहीही वाचलेलं नसायचं. मी "हो" म्हणायचो. ते माझ्याकडे एकदा बघायचे आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागायचे.

तुमच्याही सोसायटीत असा एक गृहस्थ असेल. नसेल तर तुम्हीच तो असण्याची शक्यता आहे, एकदा चौकशी करून बघा. आमच्या सुकापूरच्या सोसायटीत ते बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचे. पळस्प्याच्या पुढे एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात उभा जन्म काढून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगी नाशिकला. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. मी तोंडावर साहेब म्हणायचो आणि मागे 'सेटअप'. मी सोसायटीचा सेक्रेटरी. आठवडाभर जासईच्या कंटेनर यार्डात एका टेबलावरचे कागद दुसऱ्या टेबलावर नेतो आणि रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बसून लोकांच्या गळतीच्या तक्रारी ऐकतो. एवढं केल्यावर दुसऱ्याला नावं ठेवायचा हक्क मिळतो, अशी माझी समजूत होती.

प्रकरण सुरू झालं टाकीवरून. आमची पाण्याची टाकी गच्चीवर आहे. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते, पुढे जिना, जिना संपला की टाकीला लावलेली अकरा पायऱ्यांची लोखंडी शिडी. आमचे दिवसपाळीचे वॉचमन घरत रोज सकाळ-संध्याकाळ ती चढायचे, झाकण उघडून आत बॅटरी मारायचे आणि खाली येऊन रजिस्टरमध्ये लिहायचे, 'अर्धी', 'पाऊण', 'भरली'. त्यावर पंप चालू किंवा बंद. घरत उरणकडच्या गावातले. अर्धं आयुष्य मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून गेलेलं, त्यात गुडघे गेले. शिडीच्या प्रत्येक पायरीवर ते दोन्ही पाय ठेवून थांबायचे आणि मग पुढची पायरी.

साहेबांनी ते एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलं आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. "झाकणाखाली एक सेन्सर बसवतो. तिथून बारीक वायर डक्टमधून खाली ऑफिसात. ऑफिसात एक डबी, डबी यूएसबीने कॉम्प्युटरला. पाणी किती आहे ते पडद्यावर दिसेल. घरतांना चढायला नको. पंधरा दिवसांचं काम."

आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणीतरी चुकून विचारलं, की यूएसबीचीच वायर सरळ गच्चीवरून खाली का आणत नाही. त्यावर साहेब अर्धा तास बोलले. यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही, एवढंच त्यातलं मला आठवतं. चहा गार झाला तेही आठवतं.

खरं सांगायचं तर सेन्सर, वायर आणि काड्यापेटीएवढी ती डबी हे सगळं त्यांनी आठवड्यात उभं केलं. डबीत एक मायक्रोकंट्रोलर होता, म्हणजे एक काम इमानाने करणारी इवलीशी चिप. ती पाण्याचं माप घेऊन यूएसबीच्या तोंडाशी आणून ठेवायची. पण ते उचलून पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये हवा होता. तो साहेब स्वतः लिहिणार होते. आणि त्यासाठी आधी कंपायलर बसवायचा होता.

"साहेब, असा तयार प्रोग्राम मिळत असेल की. डाउनलोड करून टाका," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की आता शिकवणी आहे, हे आम्हाला ठाऊक होतं.

"तुम्ही गहू कुठे दळता?"

"गिरणीत."

"तुमच्या आधी कोणी डाळ दळून गेलं असेल तर?"

"थोडं बेसन येतं."

"मग? कंपायलर म्हणजे गिरणी. मी लिहिलेलं दळून कॉम्प्युटरला पचेल असं करून देणारी. आपल्या मशीनवर आपली गिरणी बसवली की दुसऱ्याचं बेसन येत नाही."

पहिला रविवार परवान्याच्या करारात गेला. आपण सगळे तो न वाचता 'मान्य' दाबतो. साहेबांनी तो साक्षीदार म्हणून मला बसवून पूर्ण वाचला आणि सातव्या कलमावर थांबले. "हे मला पटलेलं नाही."

"मग आता?"

"निषेध नोंदवून दाबायचं." त्यांनी वहीत निषेध नोंदवला आणि दाबलं.

ती वही हा स्वतंत्र विषय आहे. फुलस्केप, खाकी कव्हर घातलेली. पडद्यावर जी खिडकी उघडायची ती ते पेन्सिलीने वहीत काढायचे, पट्टी लावून, बटणांसकट, आणि कोणतं बटण दाबलं त्याला बाण. मी म्हटलं, मोबाइलवर फोटो काढतो. "फोटो काढला की माणूस बघायचं सोडतो," ते म्हणाले. एका खिडकीला वीस मिनिटं लागायची.

पुढे त्यांनी माझ्या फोल्डरांवर हात घातला. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की कंपायलर वाट चुकतो म्हणे. माझ्या 'जुन्या नोटिसा'चं एका रविवारी 'जुन्यानोटिसा' झालं. 'पार्किंग वाद बी विंग' हे सगळं एका दमात म्हणावं लागेल असं झालं. मग यूएसबीची लायब्ररी, म्हणजे डबीशी बोलायचं तयार सामान, आली, ती चौसष्ट बिटांची निघाली आणि आमचा कॉम्प्युटर बत्तीस बिटांचा. ती काढली, दुसरी घातली. मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला डबीची ओळख करून देणारा. डबी टेबलावर समोर दिवा लावून बसलेली आणि कॉम्प्युटर म्हणतोय डबी नाही. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. कोणीही विचारलं तरी साहेबांचं उत्तर ठरलेलं, "बसतोय."

मग ती मीटिंग झाली. विषय माझाच होता. मी म्हटलं, मीटर चालू झाला की दिवसपाळीला वॉचमनचं काम काय उरतं? गेटला कॅमेरा आहे. घरतांना मोकळं करू. त्यांचंही वय झालंय. हे शेवटचं वाक्य मी फार मायेने म्हटलं होतं, हे सांगायला हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरत दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता पुन्हा गिरणी. पण त्यांनी तो पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कंपायलर बसला की सांगतो."

त्यानंतर जे बसणं सुरू झालं त्याला अंत नव्हता. मी दर रविवारी ऑफिसात जायचो तेव्हा पडद्यावर काळी खिडकी, त्यात पांढरी अक्षरं वर सरकताहेत आणि साहेब बोट हवेत धरून बसलेले. "झालं का?" "बसतोय." आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्या घरी पाहुणे बसले, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी खाली कोणीतरी लिहायचं, कंपायलर बसतोय. गणपतीत आम्ही फिशपॉन्ड टाकतो. त्या वर्षी साहेबांवरचा मी लिहिला, 'सात मजल्यांची इमारत दोन वर्षांत उभी राहिली, कंपायलर मात्र अजून बसला नाही.' माईकवर वाचलाही मीच. मुलं खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसली. साहेबही हसले. मग म्हणाले, "इमारतीचा करार कोणी वाचला होता?" गळतीमुळे त्यावर कोणाला फारसं हसू आलं नाही.

इकडे घरतांच्या रजिस्टरमध्ये एक मजा घडत होती. 'अर्धी' आणि 'पाऊण' जाऊन तिथे '४ फूट २ इंच', '३ फूट ७ इंच' असे आकडे यायला लागले. टाकी वाहून जाणं बंद झालं. मी इतका खूश झालो, की वार्षिक सभेत घरतांना पुढे बोलावून नारळ दिला. साहेब पहिल्या रांगेत बसले होते, त्यांच्याकडे बघत म्हटलं, "हा माणूस बघा. ना कॉम्प्युटर, ना कंपायलर. नुसत्या नजरेने इंचात सांगतो."

साहेब शांतपणे म्हणाले, "मिठागरातला माणूस. पाण्यावर त्यांची नजर असणारच." घरत नारळाकडे बघत राहिले.

साहेब थंडीत गेले. झोपेतच. मुलगी नाशिकहून आली, घर आवरलं आणि जाताना ती खाकी कव्हराची वही मला देऊन गेली. "सोसायटीची आहे म्हणून बाबांनी वेगळी ठेवली होती." मी ती कपाटात टाकली. डबी सॉकेटमधून उपटून ड्रॉवरमध्ये टाकली. पनवेलहून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, हे सगळं साफ कर, मशीन मरगळलंय. त्याने विचारलं, "जुन्यानोटिसा ठेवू?"

"कोणाला हव्यात? उडव," मी म्हटलं. माझ्या बोटाला हवेत थांबायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं, 'अर्धी'. तिसऱ्या दिवशी रकाना कोरा. रविवारी सकाळी टाकी वाहून सातव्या मजल्याच्या जिन्यात पाणी आलं म्हणून मी वर पळालो. घरत शिडीच्या चौथ्या पायरीवर दोन्ही हातांनी लोखंड धरून उभे होते. वर जाता येत नव्हतं, खाली उतरता येत नव्हतं. मी धरून उतरवलं. ते गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागले.

"घरत, रोज चढता ना तुम्ही? आज काय झालं?"

"दीड वर्सं चडलोच नाय, सायेब."

"म्हणजे?"

"त्यो मीटर चालत व्हता की. हापिसाची चावी माज्याकडंच. सकालचा जायाचा, जुन्या नोटिसांत त्यांनी चित्र ठेवलेला त्याच्यावर दाबायचा, आकडा येयाचा. त्यो लिवायचा." ते थांबले. "मोट्या सायबांनी सांगितलेला, सेक्रेटरीला बोलू नको. मीटर चालला समजला का तुला काडतील. आमी दोगंच बगायचो. तुमची स्कूटर गेटावर आली का ते ती काली खिडकी लावून बसायचे."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"आता तुमाला समजला," घरत म्हणाले. "काडायचा तर काडा. पन ती शिडी माज्यानं व्हनार नाय."

मला लाज वाटली. हे मी सरळ सांगतो, कारण आडून सांगण्यासारखं त्यात काही नाही. दीड वर्ष दर रविवारी तो माणूस माझ्यासमोर मूर्ख होऊन बसत होता. माईकवरचं सगळं ऐकून घेत होता आणि सकाळी उठून घरतांबरोबर आकडा बघत होता. मला विश्वासात घेतलं नाही याचा क्षणभर राग आला. मग मी स्वतःला विचारलं, की घेतलं असतं तर मी काय केलं असतं? पुढच्याच मीटिंगचा विषय केला असता.

कपाटातून वही काढली, ड्रॉवरमधून डबी काढून परत जोडली. त्रेचाळीस पायऱ्या, प्रत्येकीची खिडकी काढलेली. शेवटच्या खिडकीखाली लिहिलं होतं, 'चालला. घरतांना दाखवला. मीटिंगनंतर तिसरा दिवस. कोणाला सांगायचं नाही.' त्यापुढे चार पानं प्रोग्राम, हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलेला.

मी रोज यार्डातून आलो की ऑफिसात बसायला लागलो. पहिल्या संध्याकाळी घाईने दाबत गेलो आणि बाराव्या पायरीवर सगळं कोसळलं. दुसऱ्या संध्याकाळी पहिल्यापासून सुरू केलं आणि करारही वाचला. सातवं कलम मलाही पटलं नाही. बेचाळिसाव्या पायरीपर्यंत पोचायला अकरा संध्याकाळी लागल्या. मग चार पानं टाईप केली. कुठे अर्धविराम राहिला, कुठे कंस मिटला नाही, कंपायलर तांबड्या अक्षरांत ओरडायचा आणि मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा जायचो. घरत रोज दाराशी स्टूल टाकून बसायचे. तोवर टाकी बघायला वर मी चढत होतो. अकरा पायऱ्या किती असतात ते मला माझ्या गुडघ्यांनी सांगितलं.

बाराव्या संध्याकाळी पडद्यावर आलं, '४ फूट २ इंच'.

घरत उठून जवळ आले, वाकून बघितलं. "बराबर हाय," म्हणाले आणि रजिस्टर उघडलं. मी फोल्डरला नाव दिलं, जुन्यानोटिसा.

गेल्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली. सगळ्यांना कळलंय, की सेक्रेटरी रोज ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो. ए विंगमधल्या खजिनदारांनी विचारलं, "त्या मीटरचं काय झालं? चालू होणार असेल तर दिवसपाळीच्या वॉचमनचा विषय घेऊन टाकू."

घरत चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते. या वेळी मला ते दिसले. मी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"कंपायलर बसतोय," मी म्हणालो.

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, यंदा गणपतीत फिशपॉन्ड कोणावर टाकायचा ते ठरलं. घरत हसले नाहीत. त्यांनी पहिला कप माझ्यासमोर ठेवला.