उलटी मॅरेथॉन

सखुबाई भोईरला धावणाऱ्या माणसांचं कधी कौतुक वाटलं नाही. बस सुटत असेल किंवा गाय दावं तोडून पळाली असेल, तर माणसाने धावावं. रविवारी पहाटे उठून, बुटांच्या नाड्या आवळून, कुठेही पोचायचं नसताना धावायचं आणि घामाघूम होऊन पुन्हा आपल्याच दारात यायचं, ह्यात तिला काही पराक्रम दिसत नसे. पण देवाने नवराच असला दिला होता. त्यामुळे हे ती दिवा लावताना मनात म्हणायची आणि भाकरी थापताना मोठ्याने.

काळुराम डोंबिवलीच्या कडेच्या गावातला. शेतांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या तसा तो एमआयडीसीत बॉयलरवर लागला. धावायची सवय शाळेपासूनची, शाळा लांब होती म्हणून. चाळिशी उलटली तरी पाय हलके होते. एवढ्या एका भांडवलावर त्याला अरुणोदय धावक मंडळात घेतलं होतं.

मंडळ म्हणजे मुख्यतः गुरुदत्त नाडकर्णी. बँकेत अधिकारी, मंडळाचा चिटणीस, आणि धावण्यापेक्षा धावण्याबद्दल बोलण्यात जास्त दमणारा. त्याच्या मागे रतन, स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातला. गुरुदत्त जे म्हणेल त्याला "करेक्ट" म्हणणं हे रतनचं मंडळातलं काम. तिघे जिवलग मित्र, असं काळुराम सांगायचा. सखुबाईने एक गोष्ट पाहून ठेवली होती. गुरुदत्त काळुरामला 'अरे काळू' म्हणायचा आणि काळुराम त्याला 'साहेब, तुम्ही'. मैत्री ह्या एका जिन्याने वरखाली चालायची.

वर्षात दोन शर्यती ठरलेल्या. पावसात ठाण्याची आणि थंडीत कल्याणची. कल्याणची एका व्यायामशाळेची होती, म्हणायला मॅरेथॉन, अंतर त्याच्या निम्मंच. पण काळुरामची सगळी हौस तिथे. त्याची थोरली बहीण चंद्रभागा कल्याणात त्याच रस्त्यावर राहायची. म्हातारी आई, आवडाबाई, आदल्या दिवशी लेकीकडे जाऊन बसायची आणि सकाळी कोपऱ्यावर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "यो माजा पोरगा." छातीवर लावायचा नंबर आला की सखुबाई तो देवाजवळ ठेवून हळदकुंकू वाहायची. धावण्यावर विश्वास नसला तरी देवावर होता.

त्या वर्षी, त्र्याण्णव साली, नंबर देव्हाऱ्यात असतानाच गुरुदत्त घरी आला. हातात परदेशी मासिक.

"काळू, ह्या लोकल मॅरेथॉन आता बस झाल्या. पोरं धावतात, भाजीवाले धावतात. आपण अल्ट्रा करायची, मॅरेथॉनहूनही लांबची."

"करेक्ट," रतन म्हणाला.

बेत असा होता. ठाण्याहून पहाटे निघायचं, मुंब्रा, शीळफाटा, डोंबिवली, कल्याण, शहाड करत टिटवाळ्याला गणपतीच्या देवळासमोर थांबायचं. आणि दिवस कल्याणच्या मॅरेथॉनचाच, म्हणजे शहरातून जाताना तिथली भाजीवाली मंडळी बघतील खरी माणसं कशी धावतात ते.

ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आवडाबाईने मान वर केली. "काय करनार?"

"अल्ट्रा, आई."

"उलटा? आरं कालू, उलटा धावशील त खड्ड्यान परशील की."

रतन हसला. गुरुदत्तने म्हातारीला समजावलं नाही, मासिक मिटलं. "तू हवासच, काळू. तुझ्याशिवाय हे होणार नाही," एवढं म्हणून तो चहा पिऊन गेला.

त्या एका वाक्यावर काळुराम आठवडाभर तरंगत होता. तुझ्याशिवाय होणार नाही. त्याला आयुष्यात कधी कोणी असं म्हणालं नव्हतं; बॉयलरवर तर त्याच्याशिवाय सगळं व्हायचं. मंडळाने आपल्याला बरोबरीचा धावणारा मानावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते आता ताटात वाढल्यासारखं समोर आलं होतं.

"मग कल्याणचं काय?" सखुबाईने विचारलं.

"कल्याण दर वर्षी असतं गं."

"आईंना सांगा मग."

"सांगतो," तो म्हणाला, आणि सांगितलं नाही. म्हातारी लेकीकडे गेली.

आदल्या संध्याकाळी गुरुदत्त बनियन घेऊन आला. पुढे मोठ्या लाल अक्षरांत 'अल्ट्रा'. काळुरामने स्वतःची उलगडली, पाठीकडून पाहिली, आणि सखुबाईने त्याचा चेहरा पाहिला. गुरुदत्त आणि रतनच्या पाठीवर 'धावक' होतं. ह्याच्या पाठीवर 'व्यवस्था'.

"अरे, तूच धावायला लागलास तर पाणी कोण बघणार?" गुरुदत्त म्हणाला. "शीळला वहिनींचं माहेर, पुढे सगळी गावं तुमच्याच सोयऱ्यांची. मेव्हण्याचा टेम्पो आहे. म्हणून तर म्हटलं, तुझ्याशिवाय होणार नाही."

काळुराम म्हणाला, "बरोबर आहे, साहेब."

सखुबाईने चहा टाकला नाही. गुरुदत्तला ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघं शीळफाट्याला उभी होती. सखुबाईचा भाऊ गणू टेम्पो घेऊन आला होता. टेम्पोत लिंबूपाण्याचं पिंप, बादली, केळी. काळुराम 'व्यवस्था' पाठीवर घेऊन ग्लास विसळत होता. सखुबाई बघत होती आणि मनात गणपतीला म्हणत होती, ह्याला थोडा राग येऊ दे रे बाबा, फार नको, शेरभर.

आधी रतन आला. ग्लासभर पाणी प्यायला, मान खाली घालून पुढे गेला. बरोबर कोणी नसल्याने 'करेक्ट' म्हणायचीही सोय नव्हती. बऱ्याच वेळाने गुरुदत्त आला, तोही चालत, पोट धरून. मासिकात लिहिलं होतं, आदल्या दिवशी भरपूर खा. साहेबांनी पुलाव, बटाट्याची भाजी आणि वर खजूर इतका खाल्ला होता की मुंब्र्यापर्यंत खजूर त्यांना खात होता. त्याने दोन ग्लास लिंबूपाणी घटाघटा ओतलं आणि लगेच रस्त्याच्या कडेला ओणवा झाला.

"घ्या," सखुबाई भावाला हळूच म्हणाली. "आई म्हणत होत्या तीच. उलटी."

गणू टेम्पोमागे जाऊन हसला.

तोंड धुऊन गुरुदत्त टेम्पोच्या फळीवर बसला. आवाज पुन्हा चिटणिसाचा झाला. "काळू, ऐक. टेम्पो टिटवाळ्याला घे. तळ्याच्या अलीकडे मला उतरव, तिथून मी धावत जातो. फोटोवाला देवळासमोर उभा आहे. रतनला काही बोलू नकोस."

काळुराम ग्लास पुसत राहिला.

दर अंगारकीला टिटवाळ्याला जाणारी सखुबाई मात्र बोलली. "साहेब, तिथे जो बसलाय ना, त्याचे डोळे बारीक आहेत. पण दिसतं त्याला सगळं."

"वहिनी, तुम्ही ह्यात पडू नका. काळू, सांग ना मेव्हण्याला, गाडी काढ."

काळुरामने ग्लास बादलीत ठेवला. बायकोकडे वळला. "सखू, माझा नंबर देव्हाऱ्यातच राहिला का गं?"

"देवाला दाखवलेला नंबर घरी कशी ठेवीन? शर्यतीच्या दिवशी?" तिने पदराची गाठ सोडली. नंबर चतकोर घडी करून आणला होता, हळदीचा डाग तसाच.

काळुरामने बनियन काढली. थंडीत क्षणभर उघडा उभा राहिला आणि तीच बनियन उलटी करून घातली. 'अल्ट्रा' आत गेलं, 'व्यवस्था' आत गेली, बाहेर नुसती शिवण आणि अक्षरांची पुसट सावली. सखुबाईने बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना एकेक काढून त्याच्या छातीवर नंबर लावला. एक पीन कमी पडली, ती मंगळसूत्राची काढली.

"टेम्पो कल्याणला जाईल," काळुराम म्हणाला. "माझी शर्यत आहे. तुम्हाला यायचं तर बसा, साहेब. नाहीतर इथून बस मिळते."

"काळू, तू असा..." गुरुदत्त उठायला गेला. पोटाने त्याला पुन्हा खाली बसवलं. तो टेम्पोतच राहिला, पिंप आणि केळ्यांच्या मध्ये.

कल्याणला पोचले तेव्हा शर्यत सुटून गेली होती. काळुराम टेम्पो थांबायच्या आत उतरला आणि शेवटच्या भाजीवाल्याच्याही मागून धावायला लागला. सखुबाईने टेम्पो चंद्रभागेच्या कोपऱ्यावर लावायला सांगितला. पिंपात पाणी उरलंच होतं. तिने बादली आणि ओगराळं गुरुदत्तच्या हातात दिलं.

"मी?" तो म्हणाला.

"मग कोण? गणू गाडीपाशी, मी आईंपाशी. पळतायत बिचारे. तुम्ही व्यवस्था बघा."

परदेशी मासिक वाचणारा माणूस, पाठीवर 'धावक', कल्याणच्या रस्त्यावर पोरासोरांना लिंबूपाणी वाढत उभा राहिला. बँकेतला एक शिपाई धावत आला, पाणी प्यायला, साहेबांकडे दोनदा बघून पुढे गेला. सोमवारी बँकेत काय झालं ते सखुबाईला कळलं नाही, पण त्याचा विचार करून तिने बरेच दिवस करमणूक करून घेतली.

काळुराम कोपऱ्यावर आला तेव्हा निम्म्याहून जास्त माणसं मागे टाकली होती. बक्षीस मिळणार नव्हतं, ते दिसतच होतं. आवडाबाईने डोळ्यांवर हात धरून बघितलं. शिवणी बाहेर आलेली बनियन दिसल्यावर ती चंद्रभागेला म्हणाली, "बघ, मी बोललू नव्हती? उलटी शर्यत हाय. पन यो सरल धावतो, याला कोनी सांगितला नाय वाटतं." आणि शेजारच्या बाईकडे वळून, "यो माजा पोरगा."

काळुरामने गुरुदत्तच्या हातून पाणी घेतलं. "थोडं मीठ कमी आहे, गुरुदत्त," एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. सखुबाईने ते ऐकलं. साहेब नाही, तुम्ही नाही.

रतन त्या दिवशी खरोखरच टिटवाळ्याला पोचला, दुपार कलल्यावर. फोटोवाला वाट बघून जेवायला गेला होता.