झोपेतली साक्ष

माणसाला त्याच्या झोपेबद्दल जबाबदार धरणं हा अन्याय आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

बेचाळीसनंतरचे भूमिगत दिवस. आम्ही तिघं सांगलीजवळ एका जैन शेतकऱ्याच्या उसात राहत होतो. रात्री पत्रकं वाटायची, दिवसा पाचटाच्या खोपीत झोपायचं. एका दुपारी आमच्यातल्याच एकानं, लष्करातली पलटण सोडून आलेल्या गड्यानं, मला लाथेनंच उठवलं. मी म्हणे झोपेत गावांची नावं घेत होतो. ज्या गावांनी आम्हांला लपवलं, नेमकी तीच.

"तुला धरला तर पोलिसास्नी हात उचलायची बी गरज न्हाई," तो म्हणाला. "निस्तं निजू द्यायचं, झालं."

तिसरा हसला. मला कसलं हसू येतंय! पुन्हा बरळलो तर माझी रवानगी सांगलीला मामाकडे, काम बंद, असं ठरलं. खटला माझ्यावर, आरोपी गैरहजर, साक्षीदार तेवढे जागे. परक्या सरकारचं कोर्टसुद्धा आरोपीला निदान पिंजऱ्यात उभं करतं.

मग मी झोपायचंच सोडलं. डोळ्यांत पाणी मारायचं, उभं राहायचं, मांडीला चिमटे घ्यायचे. शेजारी गुऱ्हाळ चालू होतं, रसाची गोड वाफ अंगावर यायची आणि पापण्या जड व्हायच्या. पुढंपुढं उसाच्या पात्यांवर मला माझ्याच पत्रकाच्या ओळी दिसू लागल्या. त्यांत चुका होत्या. मी त्या बोटानं दुरुस्त करत बसलो. तेवढ्यात ओळींच्या मागे पोलिसाचा पट्टा चमकला.

"पळा रं," मी ओरडलो.

सगळे उसात घुसले. गूळ उतरवणारा गुळव्यासुद्धा चुलाणावर काहील तशीच टाकून पळाला. पोलीस नव्हताच. पण गूळ जळून काळा झाला. शेतकऱ्यानं तो चाखला, थुंकला आणि घराकडं गेला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं त्याची आई आली. तिला सगळे अव्वा म्हणत.

"अव्वा, ह्येला आजच सांगलीला धाडतो," गडी म्हणाला.

"आदी निजू दे त्येला, डोळं बघ कसं झाल्यात. आनि काय इचारायचं त्ये पायाचा अंगठा धरून इचार. निजल्यालं मानूस तवा खोटं बोलत न्हाई."

असल्या खुळचट समजुतींवर मी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं. तसं तिला सांगितलंही.

"मग भितोस कशापायी?" ती म्हणाली.

 मी आडवा झालो.

पुढचं ऐकीव आहे. गड्यानं अंगठा धरला आणि विचारलं, "हितं यायच्या आदी कुनाच्या घरी लपला हुतास?"

मी म्हणालो, "भूक लागलीय."

"गाव कंचं त्ये सांग."

"भूक लागलीय."

अव्वा सावरून बसली. तिच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नसे, जेवण व्हायचं ते उजेडातच. म्हणून आमची भाकरी ती दुपारीच खोपीत धाडायची. त्या वेळी मी आधी मेल्यासारखा झोपलेला, आणि झोप सोडल्यावर खोपीबाहेर उसात उभा. झोपल्याला उठवायचं नाही, असा गड्याचा पलटणीतला कायदा. शिळी भाकरी ठेवायची नाही, हा दुसरा; माझा वाटा ते दोघंच संपवायचे.

"गड्या, मी तिगांची भाकरी धाडत हुते," ती म्हणाली.

गड्यानं अंगठा सोडला म्हणे.

मी राहिलो. त्या दिवसापासून मला उठवून जेवू घालू लागले. पण गावांची नावं मी घेतली होती, हेही खोटं नव्हतं, आणि ते गडी विसरला नाही. मी निजलो की तो उशाशी बसायचा, तळहात माझ्या तोंडाजवळ धरून. त्याच्या हाताला तंबाखूचा वास यायचा. तसल्या पहाऱ्यात कसली झोप लागते?

आता स्वराज्य आलंय, मी घरी निजतो. पायाला कुणाचा हात लागला की दचकून उठतो आणि आधी तोंड घट्ट मिटतो. मग विचारतो, मी काय बोललो? आई म्हणते, काही नाही रे, झोप. माझा विश्वास बसत नाही.