डोक्याकडची दोरी

स्कॉटलंडच्या डोंगरातल्या ग्लेनफारा खोऱ्यात मार्सलीला हातावर हात धरून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लॉर्डाची थोरली लेक, पण मेंढी अडली की बाह्या सारून स्वतः कोकरू ओढून काढणारी. भाऊ नव्हता. किताबाच्या जुन्या सनदेत साफ लिहिलं होतं, मुलगा नसेल तर थोरल्या मुलीला. १९३४ च्या मार्चमध्ये वडील गेले आणि ती लेडी ग्लेनफारा झाली, कुणा नवऱ्याबिवऱ्याच्या पुण्याईने नव्हे, स्वतःच्या हक्काने.

पण कागद काहीही म्हणो, खोऱ्यात वारस ठरायचा कबरीपाशी. शवपेटी उतरवायला आठ दोऱ्या. डोक्याकडची पहिली ज्याच्या हातात, तो घरधनी. पायाकडची दुसरी, त्याच्या खालोखालच्याची. आणि बायकांनी कबरीवर जायचंच नाही, घरी चहा-केकचं बघायचं.

सुतार लाक्लनने पेटी केली आणि रीतीप्रमाणे दोऱ्यांच्या चिठ्ठ्याही लिहिल्या. पहिल्या चिठ्ठीवर टॉर्क्विलचं नाव होतं, तिच्या चुलतभावाचं.

"लाक्लनकाका, हे काय?"

"चाळीस वर्षं चिठ्ठ्या लिहितोय, बाई. बाईमाणसाचं नाव कधी लिहिलंच नाही. हातच वळला नाही."

"द्या पेन्सिल इकडे. माझा वळतो."

तिने पहिल्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि टॉर्क्विलचं दुसरीवर. शेजारी उभा टॉर्क्विल हसला. "अगं, किताब घे की, कोण नको म्हणतंय? पण दोरी पुरुषाची. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या अडलेल्या मेंढ्या मीच सोडवते. त्यांना म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणतात."

आईसुद्धा म्हणाली, "राहू दे गं, शोभत नाही." ते मात्र तिला लागलं. पण तिने बूट चढवले आणि पेटीच्या लगेच मागे, सगळ्या पुरुषांच्या पुढे चालू लागली.

कबरीपाशी ती डोक्याकडे उभी राहिली. पायाकडची दोरी गवतात तशीच पडून होती आणि टॉर्क्विलचे हात खिशात.

"टॉर्क्विल, दोरी उचल."

"मी तुझ्या हाताखाली पायाशी उभा राहणार नाही."

"मग थांबू या. बाबांना आता कसली घाई आहे?"

वारा झोंबत होता. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. एरवी बैलासारखे दांडगे बाप्ये आपापले बूट न्याहाळत राहिले. आता मागे फिरलो तर जन्मभर आपण नुसत्या कागदावरच्या लेडी, हे मार्सलीला पक्कं ठाऊक होतं. तिने दोरी मनगटाला आणखी एक वेढा दिला.

शेवटी लाक्लनने टोपी काढली. "टॉर्क्विलसाहेब, उचला आता," तो शांतपणे म्हणाला. "लेडी ग्लेनफारा खोळंबल्यात."

टॉर्क्विल कानापर्यंत लाल झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणीच त्याच्याकडे बघेना. मग तो वाकला.

"सोडा," मार्सली म्हणाली, आणि सात पुरुषांनी तिच्या शब्दावर तिच्या बापाला मातीत उतरवलं.