विहीणबाईंचं विमान

आमच्या विहीणबाई रस्ता चुकायच्या. चुकतात सगळेच, पण विहीणबाई ऐटीत चुकायच्या. सोयरीक जुळत आली तेव्हा आमचं घर पाहायला म्हणून त्या चामोर्शीहून पहिल्यांदा चंद्रपूरला आल्या आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये जाऊन बसल्या. तिथे पोहे खाल्ले, पडद्यांचा रंग भडक आहे असं सांगितलं आणि मग विचारलं, "पोरगा कुठी गेला? दिसत नाई." त्या घरात पोरगा नव्हताच, तीन मुली होत्या. इकडे मी ठेवणीतलं पातळ नेसून, कपबश्या मांडून दारात उभी. शेजारीण त्यांना हाताला धरून घेऊन आली तेव्हा मी लाजेनं अर्धी झाले. त्या मात्र पोट धरून हसत होत्या. "चुकली न बाई मी! पन त्यायचे पोहे मस्त होते, हां. आता तुमचे पाहू."

पुढे कळलं की हे नेहमीचंच. एकदा भाच्याच्या लग्नाला म्हणून गेल्या आणि दुसऱ्याच मांडवात आहेर करून, दोन पंगतींत वाढून, जेवून परत आल्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "चुकली त चुकली. सांगाले काऊन लाजाव? लाजलं का मानूस आनखी पुढं जाते."

मी रस्ता कधी चुकत नसे, कारण चुकले तरी सांगत नसे. मोहर्लीला जाताना एकदा मी ह्यांना भलत्याच फाट्यावर वळायला लावलं आणि पुढे स्कूटरवर मागे बसून "हा जवळचा रस्ता आहे" असं घोकत राहिले. शेवटी रस्ताच एका शेताच्या बांधावर संपला, तेव्हा मी "पूर्वी इथून जात होता" असं सांगितलं. ह्यांची नोकरी वीज केंद्रात. केंद्राच्या उंच चिमण्या आमच्या क्वार्टरच्या मागे. चंद्रपुरात कुठूनही या, आधी त्या दिसणार. मी सगळ्यांना सांगायची, "माझे डोळे बांधा नि कुठेही नेऊन सोडा. एकदा चिमण्या दिसल्या की मी घरी." डोळे बांधल्यावर चिमण्या कशा दिसतील, हे विचारायची हिंमत आमच्या घरात कोणाची नव्हती.

मुलगा राजू आणि सून सुषमा यांच्या लग्नाला वर्ष झालं आणि सुषमाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. सातव्या महिन्यात विहीणबाई तिला न्यायला आल्या आणि मी मोडता घातला. "चामोर्शीला काय आहे? इथे मोठे दवाखाने आहेत. रात्री-बेरात्री काही झालं तर?" दवाखान्याचं बोलणं वरचं. आतलं कारण असं की पहिलं नातवंड सगळ्यांच्या आधी माझ्या हातात यावं. हे तोंडानं कसं सांगणार? म्हणून दवाखान्यावर भाषणं. "तिची मोठी बहीण नाई काय झाली तिथंच? मी सोता नाई काय झाली?" विहीणबाई म्हणायच्या. मी चष्मा पुसायची. सुषमा दोघींच्या मधे बसून शेंगा सोलायची. तिला आईकडे जायचं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला तेवढे दिवस चष्म्यातूनही दिसत नव्हतं.

तेव्हा राजूचा कॉम्प्युटरचा क्लास होता. रविवारी शिकवणी बंद आणि पोरांच्या शर्यती सुरू. पडद्यावर विमान चालवायचा एक खेळ होता. हातात जॉयस्टिक, समोर काचेतून दिसावी तशी जमीन. नागपूरहून निघायचं आणि चंद्रपूरजवळच्या छोट्या धावपट्टीवरून जो आधी जाईल तो जिंकला. त्या खेळात जीपीएसची एक चौकट होती, तिच्यात गुलाबी रेघ असे. रेघेवर विमान ठेवलं की डोकं चालवायची गरज नाही. म्हणून शर्यतीत ती चौकट बंद. नकाशाची झेरॉक्स, होकायंत्र, घड्याळ आणि आपले डोळे, एवढ्यावर जायचं.

आमचं भांडण तिसऱ्या दिवसावर गेलं तेव्हा राजू वैतागून म्हणाला, "जमिनीवर तुमचं मिटत नाही, तर आकाशात मिटवा. दोघी विमान चालवा. जी आधी पोचेल तिचं ऐकू." तो थट्टेत म्हणाला. मी मात्र झटकन "कबूल" म्हणून टाकलं. कारण सांगते. दुपारी क्लास रिकामा असे आणि मी राजूचा डबा पोचवायच्या निमित्तानं जाऊन तो खेळ खेळत असे. पन्नाशीची बाई, केसांना काळा रंग, ओठ घट्ट मिटून हवेत गिरक्या! विहीणबाईंनी जॉयस्टिकला हात लावलेला नव्हता. असली लबाड शर्यत मी पुन्हा कधी लावली नाही. "कबूल त कबूल," त्या म्हणाल्या. "पन सुषमा माह्याजवळ बसन. मले नकाशा वाचता येत नाई."

मला कोणी नको होतं. राजूनं दोन्ही विमानं नागपूरवर उडवून आमच्या हातात दिली, चौकटी बंद केल्या आणि क्लासची पोरं आमच्या खुर्च्यांमागे गोळा झाली.

आता माझं शहाणपण ऐका. त्या सगळ्या दुपारी मी गुलाबी रेघेवरून उडाले होते, दाव्याला बांधलेल्या गाईसारखी. खाली काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. पण मी चंद्रपूरची! मला नकाशा कशाला? सरळ दक्षिणेला जायचं, वर्धा नदी धरायची, चिमण्या दिसल्या की आलं घर. डाव्या हाताला दूर मोठी नदी चमकली. "ही बघा वर्धा," मी पोरांना सांगितलं आणि विमान तिच्यावर नेऊन घातलं.

शेजारी विहीणबाईंचा बाजार भरला होता. "सुषमे, चुकलो व आपन! हे तळं कोनतं?"

"आई, हे नकाशात नाहीच."

"मंग फिरू मांगं. मघाशी रूळ दिसले होते न, जिथं समजत होतं, तिथं जाऊ."

मागे फिरायच्या, रूळ सापडले की टाळी द्यायच्या, पुन्हा निघायच्या, पुन्हा "चुकली न मी!" म्हणून ओरडायच्या. पोरं हसत होती, त्या त्यांच्याहून मोठ्यानं. मीही मनातल्या मनात हसत होते. माझं विमान कसं सुतासारखं चाललं होतं!

फक्त चिमण्या दिसत नव्हत्या. घड्याळाप्रमाणे दिसायला हव्या होत्या. खाली नदी आणि दोन्ही तीरांना नुसता हिरवा रंग, शेवाळलेल्या फरशीसारखा. राजू कानाशी येऊन म्हणाला, "आई, नकाशा बघ एकदा."

"गप बस. आत्ता दिसतील चिमण्या."

"आई, या खेळात चिमण्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"खेळ बनवणाऱ्यांनी धावपट्टी टाकली आहे. चंद्रपूर नाही टाकलं."

त्याच वेळी मागे वळायला हवं होतं. पण इतकी पोरं पाहत होती, शेजारी विहीण बसलेली. मी ओठ मिटून पुढे गेले. मला तर त्या हिरव्या रंगात धुरासारखं काही दिसायलाही लागलं होतं. तेवढ्यात शेजारी एकच गलका झाला. विहीणबाईंचं विमान एका अंगावर कलून, बदकासारखं डुलत, धावपट्टीवरून गेलं.

राजूनं माझ्या पडद्यावर जीपीएसची चौकट उघडली आणि तिच्यातली जागा नकाशाच्या झेरॉक्सवर बोट ठेवून दाखवली. मी वर्धेवर नव्हतेच, वैनगंगेवर होते. आणि विमान होतं थेट चामोर्शीच्या डोक्यावर.

विहीणबाई खुर्चीतून वाकून पाहत होत्या. "अगं माय! ईनबाई, तुमी त आमच्याच घरी पोचल्या! चाय मांडाले सांगू काय?"

पोरं खाली बसून हसली. सुषमाही हसली, पोटाला हात लावून, कित्येक दिवसांनी. मी तेवढं हसले असते तरी भागलं असतं. पण मी उठले, खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "यंत्रच बिघडलेलं आहे. आणि खेळावर कुठे बाळंतपणं ठरतात?"

विहीणबाई हसायच्या थांबल्या. त्यांना न हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नाई ठरत बाई," त्या म्हणाल्या. "पन कबूल तुमी म्हनल्या होत्या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या एकट्याच परत गेल्या. सुषमाची बॅग भरलेली होती. ती तिनं उघडली नाही, पलंगाखाली सारली.

ती बॅग मला झाडताना रोज लागायची. कुंचा अडकायचा. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मीच ती ओढून बाहेर काढली आणि सुषमाला म्हटलं, "चल, आवर." मूल गाव मागे टाकून गाडी पुढे निघाली, वैनगंगेचा पूल आला, आणि मी खिडकीतून मान वळवून दुसरीकडे पाहिलं. त्या नदीकडे पाहायची माझी छाती होईना.

विहीणबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप हातात तसंच धरून उभ्या राहिल्या. रस्ताभर मी एक वाक्य तयार केलं होतं, छोटंसं, "माझं चुकलं" एवढंच. तोंड उघडलं आणि निघालं काय? "चिमण्यांचा धूर फार झालाय हो आमच्याकडे. सुषमाला सोसत नाही. म्हटलं, इथली हवा बरी."

ज्या चिमण्यांचा मी जन्मभर तोरा मिरवला, त्यांनाच पुढे केलं. सुषमानं माझ्याकडे पाहिलं. विहीणबाईंनीही पाहिलं, आणि मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "हो न बाई. धूर त गंज आहे तिकडं. बसा. चाय मांडतो." एवढंच. विमानाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. माझी अडचण झाली ती त्यामुळेच. टोमणा मारला असता तर मला उलटून काही बोलता तरी आलं असतं.

मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी मिळेल ती गाडी धरून गेले. चामोर्शीच्या दवाखान्यात सुषमा निजली होती. शेजारी बाळ, आणि स्टुलावर विहीणबाई, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेल्या.

"घ्या, तुमची नात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही घेतलीत ना?"

"नाई न. नर्सबाईनं घेतली, सुषमानं घेतली. मी तुमची वाट पाहून राह्यली. हात शिवशिवते म्हनून असे दाबून बसली." मग हळूच हसून, "मले का मालूम नाई काय, ईनबाई? दवाखान्याचं त निमित्त होतं. तुमाले पयले पाह्यजे होती."

मी लाजेनं मान खाली घातली, तर खाली नात होती. तिच्याकडेही बघवेना.

तेव्हा तरी ते वाक्य बोलायचं. मी म्हणाले, "नाक तुमच्यावर गेलंय."

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी विहीणबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. मी पोचले तेव्हा अंगणातली माणसं पांगत होती. सूप भिंतीला टांगलेलं होतं. कोणीतरी माझ्यापुढे चहा आणून ठेवला. तो मी घेतला नाही.

परत आल्यावर काही दिवसांनी, एका दुपारी, मी राजूच्या क्लासात गेले. नागपूरहून विमान काढलं, चौकट बंद केली. या वेळी नकाशा मांडीवर घेतला, होकायंत्राचा काटा सोडला नाही. मधे एकदा चुकले, तेव्हा मागे फिरून समजत होतं तिथून पुन्हा निघाले. वैनगंगा आली, मी ती ओळखली आणि ओलांडली. पलीकडे चामोर्शी असायला हवी होती. खेळात तीही नाही. नुसता हिरवा रंग. त्याच्यावर मी घिरट्या घालत राहिले.

राजू मागे येऊन उभा राहिला. "आई, कुठे चाललीस? चुकलीस का?"

"हो," मी म्हटलं. "चुकले."

त्यानं चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. हे त्यानं माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या वेळी तर माझं विमान अगदी बरोबर जागी होतं.